इंजिनातली पांढरी भुकटी

निपाणीच्या मित्राचा फोन आला तेव्हा मी फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, तपासणीच्या टेबलाशी उभा होतो. "काकांची गाडी परत चालू करायची म्हंतोय. जुनं इंजिन काढून दुसरं बसवायचं. तू येशील का?"

माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा, की सगळं बेळगाव सोडून यानं मलाच का विचारावं?

ती गाडी मला माहीत होती. मित्राचे थोरले काका सिंगापूरला नोकरी करायचे. परत येताना त्यांनी सोबत एक जपानी स्पोर्ट्स कार आणली. दोनच दारं, बुटकी, लांब नाकाची, आणि आत रोटरी इंजिन. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वरखाली होतात. यात पिस्टनच नाहीत. फुगीर त्रिकोणासारखा रोटर एका लांबट गोल पोकळीत फिरत राहतो, आणि असे दोन रोटर एकामागं एक असतात. निपाणीत तंबाखूच्या ट्रकांमधून ती गाडी जायची तेव्हा लोक दुकानातून बाहेर येऊन बघायचे, असं मी ऐकलंय.

त्या गाडीला हात लावायची हिंमत आमच्या भागात एकाच माणसाला झाली. ते माझे वडील. आप्पांचं तेव्हा बेळगावात गॅरेज होतं. रोटरी इंजिन त्यांनी आधी कधी पाहिलं नव्हतं, पण काकांनी पुस्तक दिलं, त्यातली चित्रं बघत बघत ते शिकले. निपाणी-चिकोडीकडचे व्यापारी आपापल्या गाड्या घेऊन आप्पांकडं येऊ लागले ते या गाडीमुळंच.

मग एकदा आप्पांनी सर्व्हिसिंग करून गाडी परत दिली, आणि थोड्याच दिवसांत संकेश्वरच्या अलीकडं रस्त्यातच इंजिन जाम झालं. काकांनी सगळीकडं सांगितलं, मिस्त्रीनं भेसळीचं तेल घातलं. हळूहळू निपाणीकडची एकेक गाडी यायची बंद झाली. आप्पांनी गॅरेज आवरलं आणि बेळगुंदीला घरी राहून ट्रॅक्टरची कामं करू लागले. घरात तो विषय कुणी काढत नसे. मी शाळेत होतो. आप्पांनी एकदाही "मी तसं केलं नाही" असं म्हटलेलं मला आठवत नाही. आणि ते म्हणाले नाहीत, म्हणून माझ्या मनात कुठंतरी शंका राहिली ती राहिलीच.

मित्राला हे सगळं ठाऊक होतं. डिप्लोमाला आम्ही एका बाकावर होतो. तेव्हासुद्धा गाडीचा विषय आम्ही दोघांनी टाळला. म्हणून मी फोनवर विचारलं, "आत्ताच का? आणि मीच का?"

"काका गेले. बाबा गेले. वखार मोकळी करायची हाय. गाडी भंगारात घालवंना झालीय मला," तो म्हणाला. "आनि दुसऱ्या कुणाला दिली तर त्यो नुसतं बसवून देईल. तू आत बघशील."

आत बघशील म्हणजे काय बघशील, हे त्यानं सांगितलं नाही. मी हो म्हटलं, पण आप्पांना घरी काही बोललो नाही.

पुढच्या रविवारी गेलो. वखार घराला लागूनच आहे. तंबाखू कधीच हलवलेला, वास मात्र भिंतीत मुरलेला. गाडीवर ताडपत्री होती. घराच्या उंबऱ्याशी मित्राची काकी, म्हणजे त्या काकांच्या पत्नी, धान्य निवडत बसल्या होत्या. पांढरी साडी, कानाला कमी ऐकू येतं असं दाखवणारी बसण्याची पद्धत. पण ऐकू सगळं येत होतं.

"मिस्त्रीचा ल्योक न्हवं रं तू?" त्यांनी विचारलं.

"व्हय, काकी."

"आप्पा बरा हाय?"

"बरे हायत."

त्या पुन्हा सुपात बघू लागल्या. मी वखारीकडं वळलो तसं मागून विचारलं, "व्हनार का चालू?"

"बघतो की."

तासाभरानं पाणी घेऊन आल्या तेव्हाही तेच विचारलं. निघताना पुन्हा तेच. ज्याला गाडी चालू व्हायला हवी असते तो असं विचारत नाही, असं मला वाटलं. मी मित्राला तसं म्हणालो. तो हसला. "म्हातारी हाय रं. काळजी करती."

दुसरं इंजिन गोव्यातून आलं. तिथल्या एका माणसानं अशीच एक गाडी खोलून ठेवली होती. तोच पिकअपमध्ये टाकून कणकुंबीच्या रस्त्यानं घाट चढून घेऊन आला. बोलायला फार गोड होता, आणि फाउंड्रीत इतकी वर्षं काढल्यावर गोड बोलणाऱ्या माणसाचं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, मी दोनदा तपासतो. इंजिनावरचा नंबर मी कापडानं पुसून, बॅटरीचा उजेड पाडून बघितला. घासलेला नव्हता. कागदाशी जुळत होता. तरी मन भरेना.

रोटरी इंजिनाची प्रकृती कानानं कळते. प्लग काढायचे आणि पान्यानं शाफ्ट हळूहळू फिरवायचा. रोटरच्या तिन्ही बाजूंनी हवा दाबली जाते, म्हणून फस्, फस्, फस् असे सारखे सुस्कारे यायला हवेत. पुढच्या रोटरचे सारखे आले. मागच्याचा एक सुस्कारा दमेकऱ्यासारखा आला.

"हे बघा," मी म्हणालो. "एक टोक गेलंय याचं."

"गेलेलं नाही. बसून राहिलंय," तो गोवेकर म्हणाला. "टोकाची पट्टी खाचेत चिकटलीय. पातळ तेल सोडा आणि राहू द्या. सुटली नाही तर मी येऊन परत नेतो."

परत नेतो म्हणणारे पुन्हा फोन उचलत नाहीत, हा माझा अनुभव. मी त्याच्या गाडीचा नंबर मनात धरून ठेवला. पुढच्या रविवारी जाऊन पाना फिरवला तर तिन्ही सुस्कारे सारखे. मी पुन्हा फिरवला. पुन्हा सारखे. मित्र म्हणाला, "आता तरी बिचाऱ्याला सोड." त्या माणसाचा मधे एकदा फोनही येऊन गेला होता, पट्टी सुटली का विचारायला.

मग जुनं इंजिन बाहेर काढलं. चेनपुली वखारीच्या तुळईला बांधली. नवीन आलेल्या इंजिनाचा खालचा चेंबर, म्हणजे जिथं तेल साठतं ते भांडं, वेगळ्या घडणीचं होतं आणि या गाडीत बसत नव्हतं. जुन्याचा काढून याला लावायचा होता. म्हणून मी जुन्या इंजिनाचे खालचे बोल्ट सोडले.

चेंबर निघाला आणि मी तसाच उकिडवा बसून राहिलो. तळाशी काळ्या तेलाचा गाळ असतोच. पण त्याखाली राखाडी लगदा होता, ओल्या सिमेंटसारखा. बोटावर घेऊन चोळला तर कचकच लागली. बेअरिंगवर खोल रेघा होत्या. रोटरी इंजिन थोडं तेल मुद्दाम आत ओढून घेतं, टोकाच्या पट्ट्यांना वंगण म्हणून. तेलाबरोबर हा लगदाही आत गेला असणार.

"काय हाय?" मित्रानं विचारलं.

"ठाऊक न्हाय," मी म्हणालो. पण भेसळीच्या तेलाचा गाळ असा नसतो, हे मला ठाऊक होतं. लोहचुंबक लावला, काही चिकटलं नाही. म्हणजे झिजलेलं लोखंडही नव्हतं. मी थोडा लगदा बाटलीत भरला. बाहेर आलो तर काकी दारात. बाटलीकडं बघून म्हणाल्या, "ते कशाला नेतोस?"

"तपासायला."

त्यांनी आत कामाला असलेल्या बाईला कानडीत काहीतरी जोरात सांगितलं आणि आत गेल्या.

फाउंड्रीत आमची साच्यांची वाळू तपासायची छोटी प्रयोगशाळा आहे. लगदा पेट्रोलमध्ये पुन्हा पुन्हा धुतला, वाळवला. पांढरी भुकटी उरली. आमच्याकडची धूळ तांबडी, निपाणीकडची काळी. पांढरी धूळ उडून येईल असा रस्ता त्या वाटेवर नाही. चाळणीतून घातली तर बहुतेक दाणे सारखे. रस्त्याची माती कधी अशी एकसारखी नसते. पातळ ॲसिडचा थेंब टाकला तर फसफसली. वाळूला ॲसिडनं काही होत नाही. म्हणजे चुनखडीच्या जातीचा दगड, दळलेला. कुणीतरी हातानं टाकलेला.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संतापच. आणि त्याच्या मागोमाग आणखी एक विचार आला, की आप्पांच्या गॅरेजात तेव्हा कामाला कोण कोण होतं?

मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "वखारीला चुना मारताना पडला आसंल."

"बंद झाकणातनं?"

मग तो जे बोलला ते मी विसरलेलो नाही. "बाटली तू भरलीस. धुतलीस तू. तपासलीस तुझ्या फाउंड्रीत. तुझ्या आप्पाला सोडवायला तूच काय मिसळलं न्हाईस कशावरनं?"

मी पाने गोळा केले आणि निघून आलो. काकतीजवळ आल्यावर लक्षात आलं की रागाच्या भरात त्याचाही एक पाना माझ्या पिशवीत आला होता. आता चोरही ठरणार, असं म्हणत घरी पोचलो.

काही आठवडे आम्ही बोललो नाही. मग एका दुपारी तो फाउंड्रीच्या गेटवर उभा. चहाच्या टपरीवर बसलो. तो पान्याचं नाव काढेना, गाडीचंही काढेना. शेवटी म्हणाला, "मीबी चेंबर खरवडून बघितला. लगदा तसाच हाय. तू न्हाय टाकलंस." मग खालच्या आवाजात म्हणाला, "बाबांनी टाकलं आसंल का रं? काकांचा खर्च, गाडी, ऐट, सगळ्यावर लई चिडायचे. भांडणं व्हायची."

तेव्हा मला कळलं की तो माझ्यावर का ओरडला होता. मी माझ्या बापाला संशयातून सोडवत होतो, तेव्हा त्याचा बाप त्यात अडकत होता. "तू आत बघशील" याचा अर्थही तेव्हाच कळला. त्याला बघायचंही होतं आणि भीतीही वाटत होती.

"कुणी का टाकलं आसंना," मी म्हणालो. "पयलं इंजिन बसवूया."

आम्ही पुन्हा कामाला लागलो. माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं त्या बैठका, जरा सरकवून घेतल्या, गिअरबॉक्स जुनाच ठेवला, वायरी एकेक करून जोडल्या. दोघंही एकमेकांकडं नीट बघत नव्हतो. घरातलं कुणीही वखारीत डोकावलं की माझे हात थांबायचे. मित्राच्या बायकोनं चहा आणला तरी मी कप इंजिनापासून लांब ठेवायला सांगितला. ती नाराज झाली, आणि बरोबरच होतं तिचं.

नवीन तेल भरलं. झाकण लावून मी त्याच्या कडीतून तार ओवली, पक्कडीनं पिळली आणि तिला शिशाचं सील ठोकलं, जसं फाउंड्रीतल्या पेट्यांना ठोकतो तसं. मान वर केली तर काकी गाडीच्या नाकाशी उभ्या.

"हे कशाला रं?"

"कुनी आत काय टाकू नये म्हनून," मी त्यांच्याकडं न बघता म्हणालो.

"आता कोन टाकत न्हाय," त्या म्हणाल्या. "टाकणारी म्हातारी झाली."

मित्र गाडीखाली होता. तो बाहेर आला. काकी तिथंच रिकाम्या खोक्यावर बसल्या.

"रांगोळी हुती," त्या म्हणाल्या. "दारात घालत्यात ती. डब्बा भरून ओतली."

कुणी काही विचारायच्या आधी त्या बोलत सुटल्या. काकांना बाजूचं दिसत नव्हतं. समोरचं दिसायचं, कडेचं नाही. घरात दाराच्या चौकटीला आपटायचे, जेवताना बाजूचा तांब्या लवंडायचा, आणि विचारलं तर चिडायचे. एकदा दोघं तवंदीचा घाट उतरून येत होते. सायकलवरची एक शाळेची मुलगी इतक्या जवळून गेली की तिची ओढणी आरशाला घासली. ती पोरगी सायकलसकट चरीत गेली. काकींनी काचेतून मागं वळून बघितलं, ती उठून उभी राहत होती. "मी म्हनलं, थांबवा. तर म्हंत्यात, कशाला? मी म्हनलं, पोरगी पडली. म्हंत्यात, कंची पोरगी?"

"बाबांना का न्हाय सांगितलंस?" मित्रानं विचारलं.

"सांगितलं की. तुझा बा म्हनला, वहिनी, तुमाला बसायची भीती वाटती तर बसू नका." त्या माझ्याकडं वळल्या. "तेल कुठनं ओतत्यात ते तुझा आप्पाच माझ्यासमोर ओतत हुता तवा बघितलं. गाडी तुमच्याकडनं आली तवाच टाकली. त्येचं नाव खराब व्हईल ह्ये माझ्या ध्यानात आलं न्हाय. आलं तवा बोलायला तोंड न्हवतं. बोलले असते तर त्यांनी दुसरं इंजिन आणलं असतं."

मित्र भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. बाप सुटला म्हणून असेल, किंवा बापानं वहिनीला उडवून लावलं म्हणून असेल. मी विचारलं नाही.

घरी येऊन आप्पांना सांगितलं. ते अंगणात रताळ्याचे वेल वेगळे करत होते. ऐकून घेतलं, हात धुतले आणि म्हणाले, "मला निपाणीला ने."

पुढच्या रविवारी नेलं. वाटेत मला धास्ती होती. माणूस इतकी वर्षं गप्प असतो तेव्हा तो काय बोलेल याचा भरवसा नसतो. काकी घराच्या पुढच्या सोप्यात बसल्या होत्या. आप्पा समोर खुर्चीवर बसले. काकींनी सगळं पुन्हा सांगितलं, काही न वगळता. आप्पांनी पाणी प्यायलं.

"आक्का," ते म्हणाले, "तुमी मला सांगायचं हुतं. येक वायर काढून ठेवली असती. पार्ट मिळत न्हाय म्हनून सांगितलं असतं. जलमभर मिळाला नसता. इंजिन मारायचं कशाला?"

काकींनी त्यांच्याकडं सरळ बघितलं. "मिस्त्री, खरं सांगा. तुमी मालकाचं ऐकलं असतं का मालकिणीचं?"

आप्पांनी बराच विचार केला. "मालकाचं," ते म्हणाले.

"मग?"

"पर नाव माझं गेलं, आक्का."

"व्हय. गेलं."

पुढं कुणी माफी मागितली नाही आणि कुणी दिलीही नाही. आप्पा उठले आणि वखारीत गेले. मी मारलेलं सील बघून म्हणाले, "ह्ये काढ, बघू दे." झाकण उघडून त्यांनी तेल बोटावर घेतलं, चोळलं, हुंगलं. मग मित्राला म्हणाले, "मार."

स्टार्टर बराच वेळ नुसता फिरला. मग निळा धूर इतका आला की वखार भरून गेली, आणि धुरातून तो आवाज सुरू झाला. साध्या इंजिनासारखा ठोके देणारा नाही, एकसलग, भुंग्यासारखा. आप्पांनी मडगार्डवर हात ठेवला होता. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी दुसरीकडं बघत होतो. काकी सोप्यातून आल्या नाहीत.

परतताना संकेश्वर आलं तसे आप्पा म्हणाले, "थांबव." तिथं एका जुन्या व्यापाऱ्याचं दुकान आहे. एकेकाळी आप्पांचं पक्कं गिऱ्हाईक, गाडी बंद पडल्यावर सगळ्यात आधी तुटलेलं. म्हातारा गल्ल्याशी बसला होता. आप्पा पायरी चढून गेले आणि मी खालून ऐकत राहिलो. आप्पांनी सगळं नीट सांगितलं. गाडी, तेल, रांगोळी.

म्हातारा ऐकत होता, मान हलवत होता. शेवटी म्हणाला, "कंची गाडी म्हनला, मिस्त्री? मला काय ध्यानात न्हाय बगा. तुमीच गॅरेज बंद केलं म्हनून आमी दुसरीकडं गेलो की." आणि त्यानं आप्पांना बसायला सांगून चहा मागवला.

तो खरंच विसरला होता की नाटक करत होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी त्याच्या डोळ्यांकडं, हातांकडं, गल्ल्यावरच्या बोटांकडं बघत होतो आणि काही कळत नव्हतं. आप्पांनी चहा पूर्ण प्यायला. खाली आले, गाडीत बसले, दार ओढून घेतलं.

"काय म्हनला?" मी ऐकलं असूनही विचारलं.

"साखर लई घातलेली," आप्पा म्हणाले. "चल."